नवव्या ग्रीनवरचे घुसखोर

४ ऑक्टोबर
नातीने जुनी वही दिली. म्हणाली, आजी, ओठांवर आलेलं आधी यात लिही, घरात शांतता राहील. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर दिव्य. पण दाखवायचंय कुणाला?
गोल्फच्या मैदानावर तण उपटायचं काम लागलं. धाकटे जावई तिथे गवताचे हेड, मी त्यांच्याकडेच राहते. मी टेम्पररी. हंगाम नीट काढला तर परमनंट. नाहीतर थोरल्या लेकीकडे चौथ्या मजल्यावर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचं.
उद्यापासून कमी बोलणार.

५ ऑक्टोबर
बोलले. विषय जावयांनीच काढला.

१२ ऑक्टोबर
खड्ड्याभोवती गुळगुळीत गोल असतो, तो ग्रीन. मोठमोठी माणसं तिथे उकिडवी बसून चेंडूकडे बघतात. घरी कुणी विचारत नसेल.
क्लबचे कॅप्टन माझं काम बघत थांबले. बोलले काहीच नाहीत. भारावले असणार. परमनंट झाल्यात जमा.

२० ऑक्टोबर
गवत पिवळं पडलंय. जेवताना जावई सांगत होते, थंडीत हे गवत झोपतं, म्हणून नवव्या ग्रीनवर थंडीतल्या गवताचं बी पेरलंय, डिसेंबरच्या स्पर्धेला तेच हिरवं दिसेल... पुढेही बरंच. भाजीत मीठ नव्हतं, माझं लक्ष तिकडे. मी हं हं केलं. मला गवत शिकवतात!

१ नोव्हेंबर
नवव्या ग्रीनवर घुसखोर! पिवळ्या गवतात नखाएवढी पाती, हिरवीगार, चमकणारी. असलं तण आधी गोडच दिसतं. थोरलीचा नवराही असाच शिरला घरात.
ग्रीनला दोरी बांधून ठेवलीय, कुणी आत यायचं नाही म्हणून. ते परक्यांसाठी. मी घरची.

२ नोव्हेंबर
उपटायला घेतलं. मुळासकट. जावई मशीनच्या दुरुस्तीला बाहेरगावी. माळ्यांना सांगितलं नाही, श्रेयाला वाटेकरी नकोत.

८ नोव्हेंबर
संपलं. गुडघे गेले, पण ग्रीन कसं स्वच्छ, पिवळं, एकसारखं! कॅप्टन कौतुक करतील तेव्हा नम्र राहायचं. लाल स्वेटर घालणार.

९ नोव्हेंबर
जावई आले. ग्रीनवर ओणवे होऊन माती चाचपली. म्हणाले, आई, उगवलेलं कुठे गेलं? पोती दाखवली. पोत्यात हात घालून बसून राहिले. म्हटलं, आधी सांगायचं. म्हणाले, जेवताना सांगितलं होतं.
म्हणजे चूक मिठाची. भाजी धाकटीने केली होती. तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती रडली. तिखट पण नव्हतं त्या भाजीत.

११ नोव्हेंबर
पुन्हा पेरलं. कॅप्टनने जावयांना दम दिलाय म्हणे.
मला बढती! जावई म्हणाले, आई, खुर्चीत बसून नुसती पाखरं हाका, बी खातात मेली. गवताला हात लावू नका. माळ्यांना खुर्ची नाही.

१४ नोव्हेंबर
पाखरं उर्मट आहेत. बिस्किटाचा चुरा पडतो माझ्या हातून, तेवढ्यावर गोळा होतात. जरा डोळा लागला, उठून बघते तर एक चपलेवर बसलेलं. मी ओरडले. तेही ओरडलं. मोठ्याने.

१६ नोव्हेंबर
मला मदतनीस दिला. काठ्यांचं बुजगावणं. माणूस वाटावं म्हणून माझा लाल स्वेटर घातला. पाखरं पसार. माळी म्हणाला, आजी, हे दिवसभर उभं राहतं आणि बोलत नाही. मेल्याला दात काढायला काय होतंय.

१९ नोव्हेंबर
थोरलीकडे आले. चार दिवस विश्रांती घ्या म्हणाले सगळे. एका सुरात.

२२ डिसेंबर
अजून इथेच.
स्पर्धा झाली. जावयांची नोकरी वाचली. नातीने फोटो पाठवला. ग्रीन हिरवंगार, कॅप्टन हसतायत, शेजारी बुजगावणं, अंगात माझा स्वेटर. फोन करून स्वेटर मागितला. जावई म्हणाले, आई, राहू द्या, त्याच्यावाचून आमचं अडेल. कॅप्टन म्हणाले म्हणे, हे परमनंट ठेवा.
बघा! झालं की नाही?
इथे वर थंडी फार वाजते.