मागच्या आवारातला जाळ

मरोळ गावठाण, अंधेरी
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय युस्टेस,

वहिनीचा आशीर्वाद. बहारीनला थंडी सुरू झाली असेल, छातीला जप. देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. तुझा भाऊ स्वतः का लिहीत नाही, असं तू विचारलंयस. जॉनीला सध्या दुसराच नाद लागलाय.

आपल्या मागच्या आवारात मी शेकोटीसाठी खड्डा बांधून घेतला. तुला हसू येईल. जॉनीला रोज संध्याकाळी काहीतरी पेटवायचं असतं, लहानपणी तुम्ही दोघं पेटवायचात तसं. ओल्या झावळ्या, पालापाचोळा, हाताला येईल ते. मागच्या शेतात आता बिल्डिंग उभी आहे. तिथल्या शकूचं तान्हं बाळ धुराने खोकून खोकून बेजार झालं. ती भांडली नाही. बाळाला घेऊन दारात नुसती उभी राहिली. तेच मला जास्त लागलं.

मग काशीराम गवंड्याला बोलावलं. त्याने गुडघाभर खोल खड्डा खणून आतून विटा लावल्या. शेजारी एक अरुंद खड्डा घेतला आणि तो तळातून मोठ्याला जोडला, म्हणजे वारा खालून शिरतो. पहिल्या दिवशी पार वाट लागली, अख्खं गावठाण धुराने भरलं. लाकडंच ओली होती. बाभळीच्या ढलप्या मी पत्र्यावर वाळवल्या, बारीक फोडल्या, आता थोड्या थोड्या घालते. जाळ स्वच्छ येतो, धूर जवळजवळ नाहीच. शकू खिडकी उघडी ठेवते.

पण नुसता बाळासाठी बांधला असं नाही. सप्टेंबरात जॉनीने खाटेखाली पेटवलं होतं. गादी जळली. मी पाणी ओतत होते आणि तो शांतपणे बघत होता. काडेपेट्या लपवल्या, तर पोरासारखा रडला. निदान आता जाळ एका जागी राहतो, आणि पेटवताना मी जवळ असते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. वय झालं की काहींचं असं होतं म्हणाले.

काल आम्ही जाळाजवळ बसलो होतो. लहानपणी तू विहिरीत पडलास आणि त्याने तुला कसं वर काढलं, ते सगळं त्याने अगदी नीट सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, अंधार पडला. तुम्ही घरी जा आता. माझी मार्सेलिना येईल एवढ्यात."

मी म्हटलं, "ती येईपर्यंत बसू का?"

"बसा," तो म्हणाला, आणि मला ऊब लागावी म्हणून थोडा बाजूला सरकला.

हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. शेजारी विचारतात, मी बरं आहे म्हणते.

युस्टेस, नाताळला रजा मिळाली तर ये. तो तुला ओळखेलच असं मी सांगू शकत नाही. पण तू मला ओळखशील ना.

तुझीच वहिनी,
मार्सेलिना