रॉड दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज दुपारी मला तुमची भीती वाटते आहे. आलापल्लीच्या आपल्या गॅरेजात, तुमच्याच स्टुलावर बसून लिहिते आहे. हात काळे आहेत, कागद खराब होतोय, होऊ दे. तुम्ही मला कनेक्टिंग रॉड तपासायला शिकवलंत तो दिवस आठवतो. पिस्टनला धरून ठेवणारा लोखंडी दांडा, वाकलेला, प्रेसवर दाबून सरळ केलेला. त्यातली पिन सपाट प्लेटला टेकवली, फटीत फिलरची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतली, सगळ्यात पातळ पात सरकवून पाहिली. ती शिरली नाही, तशी मी म्हटलं, "झाला सरळ." तुम्ही पात हिसकावून घेतलीत. "काऊन घाई करून राह्यली? लोखंड हट्टी असते. आज सरळ केलं तं उद्या थोडं मागं जाते. एक दिवस पडू दे, मंग पुन्हा पाय. गाडीत माणसं बसतेत, पोरी." गिऱ्हाइकांसमोर बोललात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

काल एक जीपवाला आला. नाला ओलांडताना इंजिनात पाणी शिरलं, एक रॉड वाकला. नवा नागपूरहून यायला तीन दिवस. त्याची बायको हेमलकशाच्या पलीकडे जंगलातल्या गावी, दिवस भरलेले. ॲम्ब्युलन्स नाल्याच्या अलीकडेच थांबते. हात जोडून म्हणाला, "बाई, आजच करून द्या. तिले दवाखान्यात नेणं हाय." नाही कशी म्हणू? रॉड न तापवता, थंडच प्रेसवर घेतला, आधी पीळ काढला, मग वाक. पात शिरली नाही. आणि मी तो एक दिवस पडू न देता रात्रीच इंजिनात चढवला. आज सकाळी जीप गेली, तेव्हापासून सारखी फोन पाहते आहे. वाकडा रॉड लगेच काही बोलत नाही. चालतो, चालतो, आणि भरल्या गाडीत चढावर इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. तो रस्ता तुम्ही पाहिलाय. गाव सोडलं की ना माणूस, ना रेंज.

मघाशी त्याचा फोन आला. "पोचलो बाई. गाडी मस्त चालून राह्यली. तिले कळा सुरू झाल्या, अर्ध्या तासात निघतो. सासूबी संगं हाय." मग म्हणाला, "तुमचे बाबा रॉड दोनदा पाहत. तुमी पाह्यला ना?" मी म्हटलं, "हो भाऊ, पाह्यला. बिनधास्त निघा." तोंडातून निघून गेलं, बाबा, तुमची शपथ. खरं सांगितलं तर गावातली माणसं तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणतील, पलीकडे ॲम्ब्युलन्स येईल. तोही मार्ग आहे. फोन इथंच आहे, कागदाशेजारी. नंबर तेवढा दाबायचा. ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही आता रागावू शकत नाही. अर्धा तास होऊन गेला आहे.