पावणेतीनपट

ठाणे, ता. ७ डिसेंबर १८९५

ती. सौ. कमळाताईच्या सेवेशी धाकट्या हरिहरचा सा. न. वि. वि.

आई व मी खुशाल. आमचे डॉक्टरसाहेब मार्चात कायमचे विलायतेला निघाले. ज्या पायगाडीवर मी वर्षभर कोलशेतपर्यंत देवी टोचायला जातो, ती मलाच देऊन जावी असे त्यांच्या मनात आहे. पण माझा उजवा पाय लहानपणापासून बारीक, म्हणून त्यांनी दोन कसोट्या ठेवल्या आहेत. एक दिवस मैदानावर दोन मैल आठ मिनिटांत काढायचे. दुसऱ्या दिवशी गाडीत काहीही न बदलता सकाळी सातला लस घेऊन कोलशेतला जायचे, टोचायचे आणि नऊच्या आत परत यायचे. एकीत जरी चुकलो तरी गाडी विकली जाईल. पायी हिंडणे मला झेपत नाही हे तू जाणतेस, म्हणजे नोकरीही गेलीच.

पायडलाच्या चक्राला वीस दात आहेत, मागच्याला आठ. पायडल एकदा फिरले की चाक अडीचदा फिरते, म्हणजे आपल्या पाढ्यांतली अडीचकीच. मुंबईचा दुकानदार अठरापासून अठ्ठावीस दातांपर्यंत, दोन-दोनच्या फरकाने पुढची चक्रे ठेवतो. त्यातले एक साहेब घेऊन देणार. मी अठ्ठावीस म्हणतो. साडेतीनपट, चक्क औटकीचा पाढा. बाबा तो किती ठसक्यात म्हणवून घेत, आठवते ना? तुझे मत कळव.

तुझ्या लोभाचा हक्कदार,
हरिहर


कल्याण, ता. ११ डिसेंबर १८९५

चि. हरिहरास कमळाताईचे अनेक आशीर्वाद.

औटकीत तू एकोणिसाला हमखास अडायचास, भिंतीपलीकडे मला ऐकू येई. तीच आता पायात बांधायला निघालास, धन्य आहे तुझी.

पायगाडी मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही, म्हणून खुळ्यासारखे विचारते. पायडलाच्या एका फेऱ्यात गाडी किती फूट सरकते? मिनिटाला तुझे पाय जास्तीत जास्त किती फेरे मारतात? आणि दात वाढले की पायाला जड जात असेल ना? जात्यात मूठभर जास्त दाणे टाकले तर माझा हात लगेच सांगतो.

तुझे पत्र इकडे वाचून दाखवले. इकडून सांगणे झाले की मालधक्क्यावरच्या नोकरीत रोज गाड्या सुटताना दिसतात, पण मेल पळवणारे इंजिन निराळे आणि घाट चढवणारे निराळे. तुला तर एकाच इंजिनाकडून दोन्ही करून घ्यायचे आहे. तेव्हा आधी मोज, मग माग. पायाला रोज तेल चोळतोस ना, तेही लिही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
कमळाताई


ठाणे, ता. ५ जानेवारी १८९६

ती. सौ. कमळाताईस हरिहरचा सा. न. वि. वि.

तेल आई चोळते. मोजणी अशी. वीस दातांवर एका फेऱ्यात अठरा फूट चार इंच. साहेबांच्या घड्याळावर मिनिटाला पासष्ट फेरे, त्यापुढे उजवा पाय पायडलावरून निसटतो. म्हणून दोन मैलांना आठ मिनिटे बावन्न सेकंद लागली.

औटकीला मीच भ्यालो. दुकानदाराकडून चोवीस दातांचे चक्र आठ दिवस पाहायला आणले. मैदानावर मिनिटाला साठच फेरे पुरले, आठ मिनिटांना दोन सेकंद राहिले. मला आभाळ ठेंगणे झाले. पण दुसऱ्या दिवशी ढोकाळीपुढच्या चढावर पाय जागच्या जागी थांबला. उतरलो आणि लंगडत गाडी ढकलत नेली. कोलशेतच्या ठमाबाई कोळणीने पोरांना रांगेत बसवून ठेवले होते. ती म्हणाली की डॉक्टर गाडीवर येतो की गाडी डॉक्टरवर, हे एकदा ठरव. परतायला पावणेदहा झाले.

अडीचकीने मैदान हरतो, तिनाच्या पाढ्याने रस्ता. मधे काही नाही. ताई, मला खरोखर भीती वाटते. या पायाने दुसरे कोणते काम मिळणार?

तुझा,
हरिहर


कल्याण, ता. ८ जानेवारी १८९६

चि. हरिहरास अनेक आशीर्वाद.

मधे काही नाही असे तू लिहिलेस आणि दोन दिवस मीही तेच धरून चालले. आज शेजारच्या शेवंतीला डाळ मोजून देत होते, पावणेतीन शेर, आणि माप हातातच राहिले. अरे, पावणेतीनकी बाबांच्या पाढ्यांत नव्हती, म्हणून आपण दोघांनी तिकडे पाहिलेच नाही. अडीचकी आहे, तीन आहे, औटकी आहे, तेवढीच आपली दुनिया. तुझ्या दुकानदाराला हे पाढे कुठे ठाऊक? त्याच्याकडे बावीस दातांचे चक्र असलेच पाहिजे.

बावीस दातांना एका फेऱ्यात वीस फूट दोन इंच. दोन मैलांना पाचशे चोवीस फेरे, म्हणजे मिनिटाला साडेपासष्ट. तुझ्या पायाकडून अर्धा फेरा मी उसना मागते आहे. चढाचे मात्र मला ठाऊक नाही, ते जाऊनच पाहावे लागेल. मला तर कधी कळेल असे झाले आहे.

तुझी काळजी वाहणारी,
कमळाताई


ठाणे, ता. २ फेब्रुवारी १८९६

ती. सौ. कमळाताईस कृतानेक सा. न.

बावीस दात लावून शुक्रवारी मैदान, सात मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. शनिवारी चढावर मी जवळजवळ थांबलो, पण उतरलो नाही. बावीस पोरे टोचून नवाला दहा कमी असताना साहेबांच्या दारात उभा होतो. पायगाडी माझी झाली. आई रडली.

आता एक कबुली. साहेबांनी विचारले की हा हिशेब कुणाचा. माझ्या तोंडून निघून गेले की वडिलांचा, ते शाळामास्तर होते. आज सकाळी परत गेलो आणि सांगितले की हिशेब माझ्या बहिणीचा, तिने पायगाडी पाहिलेलीसुद्धा नाही. साहेब म्हणाले की त्यांच्या ओळखीच्या, रस्ते बांधणाऱ्या ओव्हरसियरने चोवीसच दात सांगितले होते. तू रागावली असशील तर तसे लिही.

तुझा ऋणी,
हरिहर


कल्याण, ता. ५ फेब्रुवारी १८९६

चि. हरिहरास आशीर्वाद, आणि तुझ्या उजव्या पायाला निराळे.

रागावले नाही. साहेबांचे शब्द मात्र चारदा वाचले, इकडेही वाचून दाखवले. पहिल्या दिवशी बाबांचे नाव घेतलेस त्यात खोटे थोडेच होते. पाढे त्यांचेच. ते तुला म्हणवून घेत आणि मी पलीकडे भाजी निवडत ऐके. लग्न होऊन निघेपर्यंत त्यांनी मला एकही पाढा विचारला नाही. मला सगळे येत होते, हरी.

शिमग्याला पायगाडी घेऊन ये. पायडल मला हाताने फिरवून पाहायचे आहे. पावणेतीनकी मी शंभरापर्यंत पाठ केली आहे. आलास की मला विचार.

तुझी,
कमळाताई