चार ते पाचचा नेम

देऊळगाव राजा,
सोमवार, नेमाचा चौतिसावा दिवस, दुपारी चार वाजून सात मिनिटे

ती. दीपमालाताईस,

तुझ्या धाकट्या आतेबहिणीचा, प्रतिमाचा, बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकून केला असता, पण समोर एकवीस पितळी ताटल्या घासून सुकायला मांडल्या आहेत. त्या कशासाठी ते पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस, की पलंगाच्या दांडीला अडकवून ठेवतेस? भावजींचं साखरेचं प्रमाण आटोक्यात आहे का, आणि दुपारी तू झोपलीस की ते अजून डब्यातले लाडू मोजून खातात का? या चौकशा अगदी मनापासून आहेत. त्या झाल्या, तेव्हा आता स्पष्ट सांगते. मी तुझ्यावर फार चिडले आहे. घरातल्या सगळ्यांवर चिडले आहे, पण त्यांचा नंबर तुझ्यानंतर.

फोन का केला नाही म्हणशील. या घरात बाई फोनवर बोलताना दिसली की माणसं जवळ येऊन उभी राहतात. म्हणून पत्र. तेही मी देवघराच्या खोलीत दार लावून, नेमाच्या तासातच लिहिते आहे. पेटीचा आवाज थांबला तर बाहेरचे समजतील की नेम मोडला, म्हणून षड्जाच्या पट्टीवर चष्म्याची डबी ठेवली आहे, डाव्या हाताने भाता मारते आहे आणि उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. बाहेर सगळ्यांना वाटतंय, आज वहिनींची समाधी लागली.

दिवाळीत तू मला तुझी पेटी दिलीस. म्हणालीस, "मला आता खाली बसता येत नाही, तू घेऊन जा, पण शोभेला ठेवू नको." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्यात अकोल्याला येऊन मी तुझ्याकडे याच पेटीवर शिकले होते. त्यानंतर पंचवीस वर्षं मी वाजवलं ते फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्यावर बोटांनी. पेटी घरी आणली तेव्हा आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, मोठ्या मनाने म्हणाले, "वाजव ना. तुला कोणी अडवलंय?" ताई, या वाक्याचा मला आज जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही. मला या घरात कधीच कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी शाळेच्या ग्रंथालयातून साडेतीनला घरी येते, संध्याकाळचा स्वयंपाक सहाला सुरू होतो, म्हणून चार ते पाच हा तास मी माझा ठरवला. ठरवला म्हणजे मनात. पहिल्याच दिवशी त्या एका तासात मला अकरा वेळा हाका आल्या. (मोजल्या, कारण वाजवायला जमत नव्हतं तर दुसरं काय करणार?) नीळकंठराव दारात येऊन म्हणाले, "तू वाजव, उठू नकोस, फक्त गाळणी कुठंय तेवढं सांग." सांगितलं. पुन्हा आले, "ही चहाची की तुपाची?" सासूबाईंनी विचारलं की मेथी आज निवडायची का उद्या. संभाजीनगरला शिकणाऱ्या गार्गीने फोन करून विचारलं की तिचा निळा कुर्ता इकडे आहे का तिकडे. शेजारच्या विमलबाई तर थेट आत येऊन बसल्या, म्हणाल्या, "वैनी, रिकाम्याच हायेत ना तुमी?" मी रिकामी नव्हते, ताई. मी भीमपलासच्या उतरत्या ओळीत होते.

तेव्हा मी तुला फोन केला आणि रडले, आणि तू तुझ्या शाळेतल्या मास्तरणीच्या आवाजात म्हणालीस, "वेडे, बाईने स्वतःसाठी दार लावलं की लोक ठोठावतात, आणि देवासाठी लावलं की चपला हातात घेऊन बाजूने जातात. नेम घे." चाळीस दिवस, चार ते पाच, देवघरात दार लावून पेटीची सेवा. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही. शिवाय तूच पुढे जोडलंस, "आणि कशासाठी नेम घेतला ते उद्यापनापर्यंत कुणाला सांगायचं नसतं, म्हणावं." ताई, सगळी आग या शेवटच्या वाक्यातून लागली आहे.

पहिला आठवडा स्वर्ग होता, हे नाकारत नाही. घरात सगळे कुजबुजत बोलायला लागले. नीळकंठरावांनी स्वतः चहा करून घेतला, सासूबाईंना दिला, आणि कपसुद्धा विसळले. गाळणीबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणजे गाळणी कुठे असते हे त्यांना माहीत होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली. (मी यावर अजून त्यांच्याशी बोललेले नाही. आधी राग थोडा उतरू दे म्हणते, पण तो रोज चार वाजता चहाच्या वासाबरोबर ताजा होतो.)

मग घरात प्रत्येकजण आपापल्या मनाशी ठरवायला लागला की हा नेम कशासाठी. नीळकंठरावांच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते आहे. नवव्या दिवशी ते जेवताना हळूच म्हणाले, "प्रतिमा, तू बोलू नकोस, मला कळलंय." दुसऱ्या दिवशी बाजारातून पांढरा टर्किश टॉवेल घेऊन आले. मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकायला. खुर्ची अजून दुसऱ्याच्या बुडाखाली आहे, टॉवेल मात्र घरात घडी घालून तयार. गार्गीला वाटलं नेम तिच्या प्रवेश परीक्षेसाठी. तिने फोनवर सांगितलं, "मम्मी, तू नेम मोडू नको, मी केमिस्ट्रीचे शेवटचे दोन धडे सोडून देते." आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अमडापूरच्या रुक्मिणीबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, पंधराव्या दिवशी अंगणात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माह्या सुनंनं नेम धरला तवापासून माहे गुडघे हलके झाले व बायांनो."

घरात माणसं चार. तिघांना खात्रीने वाटलं की नेम आपल्यासाठी आहे. तो चौथीसाठी असू शकतो, असं स्वप्नातसुद्धा कुणाला आलं नाही. पहिल्यांदा मी हसले. मग दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

गुडघ्यांची बातमी विमलबाईंनी बसस्टँडपर्यंत पोहोचवली. तेव्हापासून दाराखालून चिठ्ठ्या यायला लागल्या. मी आत आरोह घेते आहे आणि फरशीवरून कागद सरकत येतोय. 'सुनेला दिवस जाऊ दे.' 'विहिरीवरची मोटर सारखी जळते, काही करा.' 'सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव लागलंय ते निघू दे.' एकीने तर लिहिलं, 'माझ्या मालकाचं घोरणं.' पुढे काही नाही, एवढंच. त्या चिठ्ठ्या फेकवत नाहीत. सगळ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत, आणि खरं सांगते, मोटरवाल्याची मला रोज काळजी वाटते.

सव्विसाव्या दिवशी कहर झाला. मी तासाला बसायच्या आधी विमलबाईंनी देवघरात शिरून तुझ्या पेटीची पूजा केली. पांढऱ्या पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं, आणि वरून मूठभर अक्षता. तांदूळ फटीतून आत गेले. कोमल गंधार दाबला की तो वर यायलाच तयार होईना. माझा तो अख्खा तास केसांतल्या आकड्याने एकेक तांदूळ बाहेर काढण्यात गेला. बाहेर विमलबाई बायांना सांगत होत्या, "आज आवाज नाही. आज मौन चाललंय." मी दार उघडून काय बोलणार होते, ते तुला लिहीत नाही, तू मला शिकवलेलं नाही ते. पण बोलता येत नव्हतं. तुझ्याच नियमाप्रमाणे.

आता त्या एकवीस ताटल्या. येत्या रविवारी चाळिसावा दिवस, आणि त्या दिवशी उद्यापन, असं घराने ठरवलं आहे. मला कुणी विचारलं नाही, कारण ते चार ते पाचच्या मधे ठरलं. एकवीस सवाष्णी, पुरणपोळी, कढी, भजी, आणि हे सगळं कोण करणार, तर जिने नेम घेतला ती. ज्या तासासाठी एवढं खोटं बोलले, त्या तासाचं शेवटचं बिल म्हणून दोन दिवस मी पुरण वाटणार. पेटीला चौरंगावर हार घालून बसवणार आहेत, म्हणजे त्या दिवशी वाजवायचीसुद्धा नाही. आणि जेवणाआधी मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की नेम कशासाठी होता. नीळकंठराव टॉवेल घेऊन उभे असतील. गार्गी त्यासाठी खास घरी येणार आहे.

ताई, मी काल आरशासमोर म्हणून पाहिलं, "माझ्यासाठी." एवढा छोटा शब्द आहे, पण तोंडातून निघताना चोरी सापडल्यासारखा निघतो. माझा नवरा वाईट नाही, सासू वाईट नाही, मुलगी गुणाची आहे. मग मी हे म्हटलं की त्यांची तोंडं का उतरतील, आणि ती उतरतील म्हणून मला आतापासून अपराधी का वाटतंय? याचाच राग येतो. त्यांच्यापेक्षा जास्त माझा मला.

आणि एक सांगायचं राहिलं. अकराव्या दिवशी ती उतरती ओळ एकदा नीट आली. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं (मी खिडकीकडे तोंड करून बसते, उजेड तिकडून येतो), आणि तेवढ्या वेळात मला कुणाचं काही लागत नव्हतं. भाजी नाही, कुर्ता नाही, गाळणी नाही. कदाचित तीन मिनिटं असेल. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, ताई, आणि रविवारी ही तीन मिनिटं माझ्याकडून हार घालून, जेवून, विडा खाऊन काढून घेतली जाणार आहेत. सोमवारी चारला पुन्हा, "तू वाजव, उठू नकोस."

पाच वाजले. डाव्या हाताला कळ लागली आहे. बाहेर विमलबाईंनी घंटा वाजवली, म्हणजे मला आता प्रसन्न चेहरा करून दार उघडायचं आहे.

तुझी, आणि तुझ्यावरच चिडलेली,
प्रतिमा

ता. क. हे एवढं लिहिलं ते ज्यासाठी, ते आता लिहिते. रविवारी सकाळची बस धरून इकडे ये. चिखलीत बस बदलावी लागेल. कंबरेचा पट्टा लावून ये, मी तुझ्यासाठी खुर्ची ठेवते. पांढरी साडी नेस, चष्मा नाकावर घे, आणि एकवीस बायकांसमोर शाळेतल्या आवाजात एवढंच सांग की या नेमाला उद्यापन नसतं. एकदा धरला की जन्मभर चालवावा लागतो आणि हेतू कधीच सांगायचा नसतो. खोटं बोलावं लागेल, पण पहिलं खोटं तूच शिकवलंस. पुरणपोळी मी करीन, तीही तुझ्यासाठी वेगळी, जास्त तुपाची.

ता. क. दुसरं. पत्र टाकायचं राहिलं होतं, आज मंगळवार. सकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "प्रतिमा, उद्यापनाची घाई काऊन करून राह्यले हे लोक? तुहं झालं का वाजवून?" मी म्हटलं, "आई, नेम आहे तो." त्या म्हणाल्या, "राहू दे व. चौतीस दिवस दिवा मी लावून राह्यली, तू त साधी काडी बी वढली नाही. देवाकडं पाठ करून कोनता नेम असते?" मी विचारलं, "मग तुमचे गुडघे?" तर म्हणाल्या, "ठनकतेत ना. पन मी हलके झाले म्हनलं नसतं त त्या विमलनं दुसऱ्याच दिवशी दार वाजवलं असतं. चढताना बरं वाजवतं तू. उतरताना अडखळतं."

मग मेथीच्या काड्या मोडत, खाली बघतच म्हणाल्या, "तुह्या ताईले म्हन, मले बी एक नेम सांगा. चाळीस दिवसाचा नको. लंबा सांगा." मी विचारलं, "दार लावून तुम्ही काय करणार?" म्हणाल्या, "काहीच नाही. पाय लांब करून बसीन. कोनी म्हननार नाही, आई, एवढं निवडता का."

तेव्हा ताई, रविवारी येताना दोन नेम घेऊन ये. त्यांचा पाच ते सहा. चार ते पाच मी कुणालाही देणार नाही, त्यांनाही नाही. आणि मेथीची परात मी आत्ताच उचलून नीळकंठरावांच्या पुढ्यात ठेवली आहे. ते विचारताहेत, पानं ठेवायची की काड्या.