ओळीतली तिसरी जागा

बाझेल, ४ मे १९९८

चि. दुरी यास,

अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले. मनात काय आहे ते पुढे वाचशीलच.

शनिवारी भाजीबाजारात कात्रिना भेटली, गावच्या शाळेत माझ्या वर्गात होती ती. डोळे दाखवायला बाझेलला आली होती. गाजरं निवडता निवडता तिनं सहज विचारलं की पेंटेकॉस्टचा सण झाला की स्मशानातली तुमच्या बाबांची ओळ काढणार, तर दगडाचं काय करायचं ठरवलंत? मी म्हटलं, कसला दगड? तिच्या लक्षात आलं की मला काही ठाऊक नाही, आणि बिचारी इतकी ओशाळली की गाजरं तिथंच टाकून निघाली.

पंचवीस वर्षं भरली की थडग्यावरचा दगड उचलायचा, माती सारखी करायची आणि ती ओळ पुढच्यांना द्यायची, हा आपल्या वाल्मुराचा नियम मला शिकवू नकोस. आजोबांच्या वेळी मी तिथंच उभी होते. पण या वर्षी माझ्या बापाची पाळी आहे, हे मला गाजराच्या ढिगापाशी कळावं? तुला लिहायला काय बोटं नाहीत? पंचायतीनं फेब्रुवारीतच कळवलं होतं म्हणे. फेब्रुवारीत मी स्की करायला आले होते, तुझ्याच टेबलावर आठवडाभर जेवले, आणि तू मला बर्फ कसा पडलाय ते सांगत होतास!

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर आपण दोघं ओरडतो आणि आई ऐकू येत नसल्याचं सोंग करते. कागदावर तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. बाबा गेले तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास, मी तेवीस. शवपेटी उचलताना तुझा खांदा पुरत नव्हता म्हणून तुझ्या जागी मी लागले होते. त्या माणसाचं नाव गावातून पुसायचं तर मला विचारायला नको?

मी कालच पंचायतीला अर्ज धाडला आहे. बाबांचं थडगं आणखी दहा वर्षं राहू द्यावं, देखभालीची जबाबदारी माझी. आणि येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीत मी स्वतः येते आहे. आईला सांगून ठेव.

माझ्या भावजयीला, माडलैनाला, आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ सध्या उन्हात वाळत घातला आहे.

तुझी ताई,
सेराइना

*

वाल्मुरा, ८ मे १९९८

ति. सेराइनाताईस,

सा. न. वि. वि. पत्र पावलं. दोनदा वाचलं, म्हणजे राग नीट मुरावा.

उंटावरून शेळ्या हाकायच्या तर बाझेलसारखा उंट नाही. पंचवीस वर्षांत तू त्या थडग्यावर किती फुलं लावलीस? जमीन मऊ झाली की दर वसंतात माडलैना तिथं गुडघ्यावर बसते, शरदात पुन्हा बसते. दगड थंडीनं कलला तेव्हा पहार घेऊन मी गेलो. तू येतेस बर्फात. तेव्हा सगळं कसं पांढरं, स्वच्छ आणि झाकलेलं असतं. दगडाचा वरचा हातभर भाग दिसतो, त्याच्यापुढे तू दोन मिनिटं हातमोजे घालून उभी राहतेस आणि मग रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर जातेस. आणि आता एकदम लेक जागी झाली!

आणि म्हणे नाव पुसायचं. कोण पुसतंय? हाडं तिथंच राहतात, वरचा दगड तेवढा निघतो. तो मी आपल्या गोठ्याशेजारी आणून ठेवणार होतो.

आता येऊ नकोस, हेही सांगतो. सगळी हॉटेलं बंद आहेत. पाववाल्यानं दुकानाला कुलूप लावलंय आणि तो इटलीत समुद्रावर पडलाय, त्याच्याबरोबर अर्धं गाव. उरलेत ते गवंडी, क्रेनवाले आणि मी. मी दिवसभर खांबावर चढून पाळण्यांच्या चाकांना ग्रीस लावतो. रस्त्यात चिखल इतका की बूट पायात राहत नाही. या दिवसांत गाव पाहुण्यांना दाखवायचं नसतं आणि तू आता पाहुणीच आहेस. झोंबलं तर झोंबू दे, मलाही गाजर झोंबलंय.

एक मात्र गंभीरपणे लिहितो. तो अर्ज मागे घे. का ते विचारू नकोस. फेब्रुवारीत मी बोललो नाही तो आईच्या सांगण्यावरून, आणि आजही तिनं माझं तोंड शिवून ठेवलंय. मी तिला सांगितलं की सेराइना घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, घेऊ दे, घर मजबूत आहे.

माडलैना नमस्कार सांगते. ती माझ्यापेक्षा भली आहे.

तुझा,
दुरी

*

बाझेल, २५ मे १९९८

चि. दुरी यास,

आशीर्वाद, जेमतेम.

तुमचं गाव बघून आले. गुरुवारी बसमधून उतरणारी मी एकटीच. ड्रायव्हरनं विचारलं की बाई, चुकून आलात का? तुझा तर पत्ताच नाही. नेमकं चार दिवस वरच्या खांबावर काम निघालं तुला, रात्रीही खाली उतरता येईना! भित्र्या, माझ्यापासून लपायला डोंगरावर जाऊन झोपलास?

चिखलाचं खरं होतं. बाकीचं तू सांगितलं नव्हतंस. लार्चला कोवळी पालवी फुटलेली, बर्फ मागे सरकेल तिथून केशराची रानटी फुलं वर आलेली, सगळ्या हॉटेलांच्या खिडक्या मिटलेल्या आणि रस्त्यावर नदीचा आवाज. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की गावात नदी ऐकू येते. हे बघूनही माझा राग गेला नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटायचं.

आई मात्र मला कळली नाही. तीन दिवस तिनं मला जवाचं सूप आणि अक्रोडाचा केक घातला आणि थडग्याचा विषय काढला की ती उठून चुलीत लाकूड सारायची. मेमध्ये! स्वयंपाकघराची भट्टी झाली होती. मी म्हटलं, आई, तुला त्याचं नाव तिथं नको आहे का? तर म्हणाली, तू लहानपणापासून भरभर जेवतेस.

मग शनिवारी दुपारी पंचायतीचा सेक्रेटरी स्वतः घरी आला. केवढा खूश! अर्ज मंजूर झाला, तिसऱ्या जागेवरचं थडगं दहा वर्षं तसंच राहील, बाकीची ओळ ठरल्याप्रमाणे मंगळवारी, दोन जूनला काढू, असं सांगून त्यानं आईचा हात हातात घेतला. आईनं हात सोडवून घेतला. त्याला केक दिला नाही, बस म्हटलं नाही. शाल घेतली आणि सरळ बाहेर पडली. तो बिचारा टोपी फिरवत उभा. मी तिला शोधत स्मशानभूमीत गेले तर ती बाबांच्या दगडापुढे उभी होती, आणि शपथेवर सांगते दुरी, ती त्याला शिव्या देत होती. हळू आवाजात, आपल्या जुन्या बोलीत. मला बघितल्यावर शाल सावरून घराकडे चालू लागली. रविवारी बसपर्यंत सोडायला आली नाही.

मी बाबांची जागा वाचवली. त्याबद्दल मला घरात चोरासारखी वागणूक! लग्नात काही बिनसलं होतं का त्यांचं, जे मला ठाऊक नाही? तिला त्याची आठवण नकोशी झाली आहे का? तुझ्या तोंडाचे टाके काढ आणि उत्तर दे. नाहीतर यापुढे मी हिवाळ्यातही येणार नाही.

सेराइना

*

वाल्मुरा, २७ मे १९९८

चि. सेराइना हिस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, रागाचा भाग सोडून.

तुझं पत्र दुरीनं मला वाचून दाखवलं. त्याच्यावर ओरडू नकोस, तो मला भितो, आणि ते योग्यच आहे. तुम्ही दोघं महिनाभर माझ्या डोक्यावरून एकमेकांना दगड मारताय. डोकं माझं आहे. तेव्हा आता मी लिहिते, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

लग्नात काही बिनसलं नव्हतं. लग्न झालं कुठं पुरतं? तुझा बाप हॉटेलचा हमाल. खालच्या स्टेशनवरून पाहुण्यांच्या पेट्या आणायच्या, पहाटे त्यांचे बूट चमकवायचे, आणि झोपायचं जिन्याखाली, कुणी घंटा वाजवेल म्हणून. मी दुसऱ्या हॉटेलच्या तळघरात, चादरींच्या वाफेत. उन्हाळा असा, हिवाळा असा. शरदात तो लाकूडतोडीला जंगलात. राहिला मे. हॉटेलं बंद, पाहुणे गेलेले, गाव चिखलात, आणि आम्ही दोघं घरात. तुम्ही दोघं फेब्रुवारीत का जन्मलात याचा कधी विचार केलायस? मास्तरीण आहेस ना?

चोवीस वर्षांच्या संसारात मला नवरा मिळाला तो एवढाच. बाकीचा पाहुण्यांनी खाल्ला. मग तो गेला, तोही ऐन हंगामात. मॅनेजरनं मला मातीपुरती सुट्टी दिली.

आता नीट ऐक. आपल्याकडे ज्याची मरायची पाळी येईल त्याला ओळीतली पुढची जागा. शेजारी राहीन म्हटलं तर चालत नाही. तो जोवर तिथं दगड घेऊन झोपलाय तोवर त्याच्या मातीत दुसरं कुणी जाऊ शकत नाही, बायकोसुद्धा नाही. जाळून घेतलं तर राखेचा लोटा त्याच्यापाशी पुरू देतात, पण मी काही पाव नाही भट्टीत घालायला. पण ती ओळ मोकळी झाली की? आत्ताची ओळ भरली. पुढचा जो जाईल तो बाबांच्या ओळीत पहिला. त्याच्या पुढचा दुसरा. आणि तिसऱ्या जागी तो खाली आहेच, त्याच्यावर मी.

पहिल्या दोन जागांसाठी म्हातारा मेन आहे आणि बार्ला आहे. मेन फेब्रुवारीपासून खोकतोय आणि बार्ला ब्याण्णव वर्षांची आहे. मी कुणाच्या मरणावर टपलेली नाही. दर गुरुवारी मी त्यांच्याशी पत्ते खेळते, मेनला मधाचा काढाही देते. पण रांग आहे, आणि रांगेत उभं राहायला मला येतं. जन्मभर मागच्या दाराशी उभी राहिलेय. हे त्यांच्या कानावर गेलं तर पत्त्यांचा डाव तर मोडेलच, शिवाय बार्ला हट्टानं शंभर पुरी करील. म्हणून दुरीचं तोंड शिवलं. आणि तुझं शिवता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुला सांगितलं नाही.

पंचवीस वर्षं मी हा मे येण्याची वाट बघितली. आणि तू आलीस, माझी शहाणी लेक, आणि माझ्या नवऱ्याला दहा वर्षं कुलूप लावून गेलीस. दहा वर्षांनी मी नव्वदीला टेकेन. तोवर ओळ भरून जाईल आणि मी दुसऱ्या ओळीत कुणा परक्याच्या हाडांवर पडेन. मी त्याच्या दगडापुढे शिव्या देत होते हे खरं. त्याला नव्हे. त्याच्या लेकीला देत होते, आणि त्याला सांगत होते की बघ, डोकं तुझ्यावर गेलंय.

अर्ज मागे घे. मंगळवारच्या आत.

केक तसाच राहिला, दुरीनं संपवला.

आई

*

बाझेल, २९ मे १९९८

ति. आईस,

शि. सा. न. वि. वि.

अर्ज मागे घेतला. सकाळी शाळेतून फोन केला आणि लगेच कागदही धाडला. सेक्रेटरी म्हणाला की तुमच्या घरच्या बायकांनी आधी आपसात ठरवावं आणि मग सरकारला त्रास द्यावा. मी त्याला म्हटलं की बरोबर आहे तुमचं. असं मी त्याला म्हणाले, मी! यावरून माझी अवस्था ओळख.

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. माझ्याकडे चूल नाही, आणि असती तरी घातलं नसतं.

मी रागावलेली आहे. आधी होते त्याहून जास्त. आधी वाटत होतं की बाबांना कुणी विचारत नाही. आता कळलं की तुझं आणि बाबांचं सगळं ठरलेलं होतं, मीच दाराबाहेर उभी होते, बूट-पेट्या घेऊन, पाहुण्यासारखी. दर हिवाळ्यात आले. ज्या हंगामानं तुझा नवरा खाल्ला, त्याच हंगामात येऊन तुला विचारत राहिले की बर्फ कसा आहे. तू मला एकदाही म्हणाली नाहीस की सेराइना, मेमध्ये ये. एकदा म्हणायचं होतंस ग. चिखलातून आले असते.

मंगळवारी पहाटेच्या गाडीनं येते. शाळेत खरं कारण सांगितलं आहे. दगड पंचायतीच्या माणसांनी उचलायचा नाही. दुरीला सांग, खांबावरून उतर, पहार काढ. या वेळी त्याचा खांदा पुरेल. आणि यापुढे दर मेमध्ये येईन. तुला आवडो न आवडो.

तुझी तिसरी जागा तुला मोकळी करून देते आहे. पण माझ्याकडून आशीर्वाद मागू नकोस. मेनला माझ्याकडून खोकल्याचं चांगलं औषध आणते आहे, बार्लासाठी गरम मोजे. दोघंही धडधाकट राहोत, गावातले दुसरेच कुणी आधी जावोत, ओळ भरून जावो, आणि तुझी पाळी चुको. बाबांची जागा तुझ्या हातून जावो, आई. एवढंच मागते आहे मी देवाकडे, आणि तेही दात-ओठ खाऊन. रागानं लिहिलंय, रागानंच वाच.

लोभ असावा. तूही असावीस, ही विनंती.

तुझी,
सेराइना