१८७९ची रिकामी जागा

१२ एप्रिल, रविवार
मित्राची, भास्करची, नुकतीच जन्मलेली मुलगी बघायला गेलो. बाळ दोन मिनिटं दाखवलं, नाण्यांचा अल्बम तासभर. कार्सन सिटीच्या टांकसाळीतले जुने अमेरिकन चांदीचे डॉलर. ते निघाले त्या तेरा सालांपैकी बारा सालांचे आहेत, फक्त १८७९चा मिळत नाही म्हणाला. मला हेवा अजिबात वाटला नाही. जेवण गेलं नाही ते आमटी तिखट होती म्हणून.

१३ एप्रिल, सकाळी ८.१०, स्टेशनचा कारपार्क
आजपासून मलाही नाण्यांचा छंद. १८७९चा डॉलर मी घेणार. त्याच्या अल्बममधली ती जागा जन्मभर रिकामी राहणार. छंद कसा निर्मळ असावा.

२२ एप्रिल
ऑनलाइन लिलावात जिंकलो! समोरचा शेवटपर्यंत बोली चढवत होता. भास्करच असणार. काय गार वाटलं! नव्या हीटरसाठी साठवलेले पैसे त्यात गेले, पण आमच्या पॉइंट कुकला मे-जूनच्या हिवाळ्यात थंडी पडून पडून पडणार किती?

३० एप्रिल
पार्सल आलं. नीलिमाने विचारलंच. संडे मार्केटमधलं, पाच डॉलरचं, म्हणून सांगितलं. बायकोला उगाच टेन्शन नको. नाणं देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.
प्लॅन: बारशाला, सगळ्यांसमोर, खिशातून सहज काढायचं. आरशासमोर तीनदा काढून पाहिलं. अजून सहज दिसत नाही.

९ मे
थंडी पडली. हीटर कधी, असं नीलिमा विचारते. म्हटलं, सेल लागू दे. दोन स्वेटर घालून नाण्याकडे बघत बसलो. ऊब येते.

१६ मे, शनिवार, सकाळी १०
आज बारसं. भास्करचा चेहरा पाहण्यासारखा होणार. नीलिमा त्याच्या बायकोच्या मदतीला पुढे गेली आहे.

१०.२०
ड्रॉवर रिकामा.

दुपारी ४
भास्करचा चेहरा खरंच पाहण्यासारखा झाला. नीलिमाने नाणं बाळाला दिलं होतं. बारशाला चांदीचं काहीतरी द्यावं, आणि हे तर पाच डॉलरचंच होतं ना, म्हणाली. भास्करच्या डोळ्यांत पाणी. मला मिठी मारून सगळ्यांना सांगत सुटला की एवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. मी म्हटलं, नो वरीज, मेट. त्याने अल्बम तिथेच पूर्ण केला.
गाडीत नीलिमाने विचारलं, पाच डॉलरच्या नाण्यासाठी तो रडला का रे? म्हटलं, हळवा आहे.
मग म्हणाली, त्यांच्याकडचा नवा हीटर पाहिलास?
पाहिला. आपण घेणार होतो तोच.