काकूंच्या विहिरीचं पाणी

आण्णा,

तुमच्या डुकरांइतकी स्वच्छ डुकरं कवठे महांकाळच्या आसपास दुसरी नव्हती, हे मी अजूनही कुणाशीही भांडून सांगेन. नव्वदच्या दशकात तुम्ही पलटणीतून निवृत्त होऊन आलात आणि माळावर वराहपालन सुरू केलंत, तेव्हा आईनं स्वयंपाकघराची खिडकी कायमची लावून घेतली. तुम्ही मात्र बराक धुवावी तशी रोज सकाळी पाइपानं शेड धुणार. “फरशीत तोंड दिसलं पायजे!” दिसायचंही. धुतलेलं सगळं ओढ्यात जायचं, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला शेजारच्या जैन काकूंची विहीर आहे, हे आपल्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी काकू दारात उभ्या आहेत. भांडायला आलेल्या नाहीत, त्याचंच जास्त लागतं. “आवं फौजी, पानी दुहेरी फडक्यानं गाळतोय आमी. पन वास कसा गाळायचा? नातवंडांची पोटं बिघडल्यात.” तुम्ही चक्क मान खाली घालता. “चुकलंच वैनी. आजपास्नं पाइप बंद.”

तेव्हापासून घाण फावड्यानं सुकीच ओढायची, भुसकटात मिसळायची आणि ओढ्यापासून लांब, छप्पर घातलेल्या पक्क्या खड्ड्यात कुजवायची. न धुतलेली फरशी बघून तुमचा जीव कासावीस व्हायचा आणि आम्ही तोंड लपवून हसायचो. काकूंची विहीर इंजिन लावून उपसलीत, ब्लीचिंग पावडर टाकलीत. ती सुधारेपर्यंत आपल्या विहिरीचं पाणी तुम्ही स्वतः सायकलवरून त्यांच्याकडे पोचवत होता. काकू तेही गाळायच्या, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव गाळल्या पाण्यानं धुऊन तांब्यात घालून द्यायच्या. “ज्या हिरीचं, त्याच हिरीत सोडा. वरनं वतू नका, मरतील.” तुम्ही तो तांब्या एका हातात धरून, न हिंदकळता आणायचात, दोरीनं पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचात आणि पुटपुटायचात, “जावा बाबांनो, सावकाश.”

पावसाळा सरला आणि एक दिवस काकूंनी तांब्या दिला नाही. “आता आमचंच पानी ग्वाड लागतंय, फौजी.” अंगणात येऊन तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की शेडमधली डुकरंही ओरडायला लागली. मीही हसले. पण मनातून थोडं वाईट वाटलं होतं; तुमचं ते ‘सावकाश’ आता ऐकू येणार नव्हतं. आम्हा पोरांशी तुम्ही कायम कवायतीच्या आवाजात बोललात. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून लिहिते: विहिरीवर तुमच्या मागे उभी राहून मला त्या न दिसणाऱ्या जीवांचा हेवा वाटायचा.